सेंद्रिय वास्तुकला म्हणजे काय? साताऱ्यात उताराच्या प्लॉटवर घर बांधताना ती उपयोगी पडते का?

हो, नक्कीच. इथे ‘सेंद्रिय’ म्हणजे मातीचंच घर नव्हे. उतार, ऊन, वारा, दगड पाहून आराखडा करणं. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आखलेलं पेनसिल्व्हेनियातलं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर थेट धबधब्यावर उभं आहे. दिवाणखान्यात शेकोटीपुढे मूळचा खडक फरशीतून तसाच वर आलेला आहे! आजचे खुले दिवाणखाने, लांबरुंद गच्च्या यांवर त्या विचाराची छाप आहे.

आपल्याकडे वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा जरूर बघा. जाड भिंती, उजेड देणारे चौक, मागे कृष्णेचा घाट.

कृपा करून जेसीबी लावून प्लॉट सपाट करू नका. जोतं टप्प्याटप्प्यानं घ्या, काळा दगड वापरा, पश्चिमेच्या पावसाकडे छपराची पागोळी लांब ठेवा.