एका यूएसबी बोर्डात दोन कामे

प्रश्न : हळदीच्या गोदामासाठी मी यूएसबी बोर्ड तयार केला आहे. आर्द्रतेचा सेन्सर आयटूसीवर (चिपांमधील दोन तारांची जोडणी) आहे, तर पंख्यांचे रिले जीपीआयओवर (चालू-बंद करता येणाऱ्या पिना). लिनक्ससाठी ड्रायव्हर एकच लिहावा की दोन?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बोर्डात इंटरफेस (यूएसबी उपकरणातील एकेका कामाचा स्वतंत्र भाग) किती आहेत, ते पाहावे. लिनक्समध्ये यूएसबी ड्रायव्हर सहसा संपूर्ण उपकरणाशी नव्हे, तर एकेका इंटरफेसशी जोडला जातो. त्यामुळे दोन्ही कामांना स्वतंत्र इंटरफेस असतील, तर दोन सुटे ड्रायव्हर पुरेसे आहेत. दोन्ही कामे एकाच इंटरफेसवरून चालत असतील, तर मात्र कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) एमएफडी, म्हणजे ‘मल्टी-फंक्शन डिव्हाइस’ व्यवस्था वापरावी. तिच्यात मुख्य ड्रायव्हर यूएसबीची देवाणघेवाण सांभाळतो आणि उप-उपकरणांची नोंद करतो. या उप-उपकरणांचे ड्रायव्हर कर्नलच्या आपापल्या उपप्रणालीत (आयटूसी, जीपीआयओ अशा विभागांत) राहतात. कर्नलमधील डीएलएन-२ (यूएसबीवरून आयटूसी, जीपीआयओ पुरवणारा अडॅप्टर) चा ड्रायव्हर याच घडणीचा असून तो ओळ न् ओळ वाचण्याजोगा आहे. त्यातील प्रत्येक संदेशाच्या शीर्षभागात एक क्रमांक असतो आणि उत्तरात तोच परत येतो, म्हणून कोणते उत्तर कोणाचे, यात गोंधळ होत नाही.

नवख्यांना ठेच लागते ती बफरपाशी, म्हणजे पाठवायचा-घ्यायचा डेटा ठेवण्याच्या जागेपाशी. यूएसबीला द्यायचा बफर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवू नये, तो केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागून घेणारे फंक्शन) घ्यावा. यूएसबीच्या व्यवहारात थांबावे लागत असल्याने जीपीआयओ चिपच्या नोंदीत ‘कॅन-स्लीप’ (काम थांबू शकते, असे सांगणारी खूण) खरे ठेवावे. केबल मध्येच उपसली गेली, तर ड्रायव्हरच्या डिस्कनेक्ट फंक्शनमध्ये उत्तराची वाट पाहणाऱ्या सर्वांना आधी जागे करावे आणि मगच उप-उपकरणे काढावीत.