माझा पोस्टग्रेसचा पॅच तीन आठवडे तसाच पडून आहे, म्हणजे तो नाकारला का?

तुमचा लांबलचक प्रश्न वाचला. पुढे वाचणाऱ्यांसाठी त्याचा गोषवारा देतो. तुम्ही पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या 'कॉपी' या आज्ञेला, म्हणजे फाईल आणि टेबल यांच्यात डेटा नेणाऱ्या-आणणाऱ्या आज्ञेला, एक नवा पर्याय जोडणारा तीनेकशे ओळींचा पॅच (कोडमधला बदल) तिथल्या मेलिंग लिस्टवर पाठवलात. एकाने विचारलं, "हे नेमकं कशासाठी हवंय?" दुसऱ्याला पर्यायाचं नाव पटलं नाही. तिसऱ्याने पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या टेबलांचं काय, असं विचारलं. त्यानंतर सगळं चिडीचूप. "ओपन सोर्स म्हणतात, मग इथे चालतं तरी कोणाचं?" असं तुम्ही शेवटी वैतागून विचारलंय.

नाकारलेला नाही. नाकारतात तेव्हा सरळ तसं लिहितात, कारणासकट, आणि ते वाचायला फारसं गोड नसतं. तिघांनी प्रश्न विचारले याचा अर्थ तिघांनी तुमचा पॅच उघडून वाचला. माझ्या पहिल्या पॅचला तेवढंही भाग्य लाभलं नव्हतं. एका एरर मेसेजची शब्दरचना सुधारणाऱ्या जेमतेम चार ओळी होत्या त्या. दोन महिने कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी मी संकोचत एक आठवण पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी तो कमिट झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला. नजरेतून सुटला होता, बाकी काही नाही.

आता पहिला प्रश्न घेऊ, कारण तुम्हाला तो टोमणा वाटलाय. तो टोमणा नाही, सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे. आपण बहुतेक जण आधी अडचणीत सापडतो, मग आपल्यापुरता उपाय शोधतो, मग त्याचं कोड लिहितो आणि पाठवताना फक्त कोड पाठवतो. अडचण आपल्याच डोक्यात राहते. वाचणाऱ्याला मात्र ती कळली तरच तो सांगू शकतो की उपाय याच जागी करायचा की आणखी दोन मजले खाली.

योगायोगाने तुम्ही हात घातलाय तो 'कॉपी'लाच, आणि याचं सर्वांत बोलकं उदाहरण त्याच आज्ञेचं आहे. फाईलमधून लाखो ओळी टेबलात भरताना एका ओळीतली तारीख चुकीची निघाली की सगळी भरती रद्द, ही तक्रार फार जुनी. "वाईट ओळ सोडून पुढे जा" एवढीच मागणी. ऐकायला एका दुपारचं काम वाटतं. पण पोस्टग्रेसमध्ये एरर फेकली गेली की मधल्यामध्ये काय अर्धवट राहिलं याची खात्री देता येत नाही. कुठे मेमरी घेतलेली असते, कुठे लॉक धरलेलं असतं. ते सुरक्षितपणे आवरायचा मार्ग एकच, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारा कामांचा गठ्ठा) किंवा निदान सबट्रान्झॅक्शन (त्याच्या आतला छोटा गठ्ठा) मागे घेणं. मग सुचतं की प्रत्येक ओळ वेगळ्या सबट्रान्झॅक्शनमध्ये घालावी. चालेल, पण टेबलात काही लिहिणारं प्रत्येक सबट्रान्झॅक्शन स्वतःचा क्रमांक खातं, आणि हे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे चारशे कोटी. त्यातले निम्मे कायम 'भूतकाळ' आणि निम्मे 'भविष्यकाळ' मानले जातात, म्हणजे हाताशी खेळायला दोनशे कोटी. दहा कोटी ओळींची एक फाईल भरली की दहा कोटी क्रमांक एका झटक्यात संपले, शिवाय वेग मंदावला तो वेगळाच. "मग एरर पकडा आणि गिळून टाका" असंही प्रत्येक वेळी कोणीतरी सुचवतं. पण मेमरी संपली ही पण एररच आहे, ती कशी गिळणार?

गाडी हलली ती दुसऱ्याच रस्त्याने. मजकुरातून आकडा, तारीख वगैरे बनवणारी जी आतली फंक्शनं असतात, त्यांनाच शिकवलं गेलं की चूक दिसली तर लगेच एरर फेकू नका, बोलावणाऱ्याला हळूच सांगा. ही 'सॉफ्ट एरर'ची सोय १६व्या आवृत्तीत आली, २०२३ मध्ये. ती फक्त 'कॉपी'साठी नव्हतीच. एसक्यूएल/जेसनच्या, म्हणजे जेसन स्वरूपातला डेटा हाताळणाऱ्या फंक्शनांनाही चूक झाल्यास एरर न देता 'नल' (रिकामी किंमत) परत करता यायला हवं होतं. ती फंक्शनं १५व्या आवृत्तीसाठी कमिट होऊनही २०२२ मध्ये रिलीजच्या तोंडावर काढून घ्यावी लागली होती आणि एरर हाताळण्याची पद्धत हे त्यातलं एक मोठं दुखणं होतं. पाया तयार झाल्यावर 'कॉपी'चा 'ऑन एरर' हा पर्याय १७व्या आवृत्तीत आला, २०२४ मध्ये. "इतक्यापेक्षा जास्त ओळी वाईट निघाल्या तर थांब" ही मर्यादा त्याच्याही पुढच्या, १८व्या आवृत्तीत. वर्षानुवर्षे लोक 'कॉपी'च्या कोडमध्ये जागा शोधत होते, आणि खरी दुरुस्ती डेटा टाइपच्या फंक्शनांमध्ये करायची होती. अडचण नीट मांडली गेली नसती तर हे कोणाच्या लक्षात आलं असतं?

नावाचा वाद तुम्हाला पोरकट वाटला असेल. मलाही वाटायचा. कधीकधी तो असतोही. ज्याला आतलं काही कळत नाही त्यालाही नावावर मत देता येतं, त्यामुळे नावावर गर्दी होते. पण हाच 'ऑन एरर' जानेवारी २०२४ मध्ये आधी 'सेव्ह एरर टू' या नावाने कमिट झाला होता आणि काही दिवसांतच बदलला गेला. तेव्हा बदलता आला, कारण आवृत्ती अजून बाहेर पडायची होती. एकदा ती लोकांच्या हाती गेली की ते नाव हजारो स्क्रिप्टांमध्ये जाऊन बसतं. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, पण स्क्रिप्टा त्याहून दीर्घायुषी असतात. कोड उद्या आतून संपूर्ण नव्याने लिहिता येतं, नाव बदलता येत नाही. म्हणून तुमच्या नावावर दोन-तीन पर्याय सुचवा, त्यातला कोणता का बरा ते एका वाक्यात सांगा, आणि बहुमत दुसरीकडे झुकलं तर मुकाट्याने मान्य करा. नावासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो, कारण मी स्वतः त्यात पाय अडकवून घेतलाय. वाद मिटत नाही असं दिसलं की "मग एक सेटिंग ठेवू, ज्याला हवं तो चालू करील" असं म्हणायचा मोह होतो. माझ्या दुसऱ्या पॅचमध्ये मी हेच केलं. उत्तर आलं की वापरणाऱ्याने सेटिंगची कोणती किंमत निवडायची हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर तो बिचारा कशावरून ठरवणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यातही क्वेरीचा अर्थ बदलणाऱ्या सेटिंगांबद्दल इथली जुनी मंडळी फार सावध असतात, आणि त्याला कारण आहे. २००२ मध्ये आलेल्या ७.३ या आवृत्तीत सर्व्हरच्या बाजूला 'ऑटोकमिट' (प्रत्येक आज्ञेचा परिणाम आपोआप कायम करणं) बंद-चालू करायची सेटिंग दिली होती. झालं असं की क्लायंटची लायब्ररी एक गृहीत धरून चालायची आणि सर्व्हर भलताच वागायचा. प्रत्येक प्रोग्रामला दोन्ही शक्यता सांभाळणं भाग पडलं. पुढच्याच वर्षी ७.४ मध्ये ती काढून टाकली आणि हे काम क्लायंटवर सोपवलं. तुमच्या पॅचमध्ये नवी सेटिंग नाही हे पाहून बरं वाटलं. चर्चेच्या ओघात ती शिरू देऊ नका.

आता चालतं कोणाचं. कोड आत घालण्याचा अधिकार तीस-एक कमिटरांकडे आहे. कोअर टीम म्हणून एक मंडळ आहे, पण कुठलं फीचर घ्यायचं हे ती सहसा ठरवत नाही. मतदान होत नाही. बोलणाऱ्यांमध्ये साधारण एकमत झालं आणि एखादा कमिटर "हे मी घेतो" म्हणाला की झालं. गोम या 'मी घेतो'मध्ये आहे. पॅच तुमचा असला तरी कमिट केल्यावर त्यातली भानगड निस्तरायची जबाबदारी त्याची. निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांवर आणि प्रोसेसरांवर चालणारी यंत्रं प्रत्येक कमिटनंतर चाचण्या चालवत असतात. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर त्या मोडल्या तर रात्री जागायचं त्याने. आणि तुम्ही? तुम्ही नोकरी बदलून गायबही झालेले असाल. 'मर्ज' ही आज्ञा (जुळणाऱ्या ओळी बदलणारी, नसलेल्या घालणारी) एप्रिल २०१८ मध्ये, ११व्या आवृत्तीच्या फीचर फ्रीझच्या, म्हणजे नव्या सोयी घेणं थांबवण्याच्या मुदतीच्या अगदी उंबरठ्यावर कमिट झाली. तिच्या रचनेवर एवढे आक्षेप आले की त्याच महिन्यात ती मागे घ्यावी लागली. पुढे ती आली थेट १५व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये. चार वर्षं! कमिटरांच्या थंडपणाचा मला राग येतो तेव्हा मी हा प्रसंग आठवतो. नवख्याचा तीनशे ओळींचा पॅच घेणं म्हणजे कमिटरसाठी बिनपगारी पालकत्व असतं.

शांततेचं आणखी एक साधं कारण कॅलेंडर हे असू शकतं. कमिटफेस्ट नावाचे महिनाभराचे रिव्ह्यूचे हंगाम असतात. गेली काही वर्षं ते जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये भरतात. एप्रिलच्या सुरुवातीला फीचर फ्रीझ होतो आणि नवी आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बाहेर पडते. मार्चच्या शेवटी पाठवलेला नवा पॅच कोणी उघडूनही बघत नाही, तेव्हा सगळे आधीचं तडीस नेण्याच्या धावपळीत असतात. तुम्ही पॅच नुसता पाठवलात की पुढच्या कमिटफेस्टमध्ये नोंदवलातही? प्रश्नात तसा उल्लेख नाही. नोंदवला नसेल तर आजच नोंदवा, निम्मं कोडं तिथेच सुटेल. नोंदवल्यावर तो आपोआप ताज्या कोडवर लावून तपासला जातो. मधल्या काळात दुसऱ्या कोणाच्या कमिटने तुमच्याच ओळी बदलल्या असतील तर तो लागणार नाही आणि तिथे लाल खूण दिसेल. लाल खुणेचे पॅच लोक वाचत नाहीत. रीबेस करून, म्हणजे पॅच ताज्या कोडवर पुन्हा बसवून, नवी प्रत पाठवणं हे तुमचं काम, कोणी आठवण करून देणार नाही. 'लेखकाची वाट पाहत आहे' अशी स्थिती दिसली तर ती शिक्षा समजू नका. चेंडू तुमच्या अंगणात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिथला आणखी एक रिवाज असा की जो पॅच देतो त्याने साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासावा. मी हे बरेच दिवस टाळलं, कारण वाटायचं, आपल्याला काय कळतंय आतलं. शेवटी एक घेतला. लावला, कंपाइल केला, चाचण्या चालवल्या, दस्तऐवजात लिहिलंय तसं करून पाहिलं. मग सहज म्हणून पीजी डंपने डेटाबेसची प्रत काढून ती परत भरून पाहिली, तर नवा पर्याय वाटेत गळून गेलेला. लेखकाने आभार मानले, आणि माझ्या स्वतःच्या पॅचमध्येही तीच चूक आहे हे मला त्या रात्री कळलं. तिथे तोंडओळख झाली ती अशी. नंतर माझ्या मेलांना उत्तरं लवकर येऊ लागली.

पार्टिशनचा प्रश्नही याच जातीचा आहे. पोस्टग्रेसमध्ये एक नवी गोष्ट आली की ती पार्टिशन, परकीय टेबलं, व्ह्यू, ट्रिगर या सगळ्यांशी कशी वागते हे पाहावं लागतं. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक होतं असंही नाही. तुम्ही विचार केलाय का एवढंच त्याला बघायचं होतं. करून पाहा. नीट चालत असेल तर त्याची चाचणी पॅचमध्येच घाला. चालत नसेल पण चालण्याची गरजही नसेल, तर स्पष्ट एरर द्या आणि दस्तऐवजात एक ओळ लिहा. तपासलं नसेल तर "तपासलं नव्हतं, आता बघतो" असं लिहायला इथे कोणी हसत नाही. गोलमोल उत्तराचा मात्र लोक पिच्छा सोडत नाहीत.

तेव्हा या आठवड्यात एक मेल लिहा. सुरुवातीला अडचण, तुमच्या खऱ्या कामातली, आकड्यांसह: केवढी फाईल, आज किती वेळ लागतो, काय वळसा घालावा लागतो. मग तिघांचे प्रश्न एकेक उद्धृत करून त्याखाली उत्तर. सगळं उत्तर वर आणि जुना मेल अख्खा खाली, असं करू नका, त्याने तिथे लोक चिडतात. 'कॉपी' हा वेगासाठी वापरला जाणारा रस्ता आहे, त्यामुळे तुमचा पर्याय न वापरणाऱ्याला किती भुर्दंड पडतो तेही मोजून द्या. कोणी विचारायच्या आत दिलेलं हे मोजमाप फार उपयोगी पडतं. सोबत पॅचची दुसरी आवृत्ती जोडा, आणि पहिलीपासून काय काय बदललं ते मेलमध्ये दोन-तीन ओळींत सांगा. मी ते सांगायला विसरलो होतो. रिव्ह्यू करणाऱ्याने दोन्ही पॅच ओळ न् ओळ ताडून पाहिले आणि बदलांची यादी त्यानेच मला पाठवली, "बरोबर आहे ना?" असं विचारून.