हवेतला पारा मोजणं हे करिअर होऊ शकतं का?

प्रश्न : माझी मुलगी टीवायबीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला समुद्रकाठी हवेतला पारा मोजतात, असं तिच्या वाचनात आलं आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. आम्हाला लोट्याच्या एमआयडीसीतली नोकरी बरी वाटते. पारा विषारी, जागा परदेशातली, ओसाड. तिची समजूत कशी घालावी?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : समजूत घालायची घाई करू नका.

आधी तुमची भीती. तिथल्या हवेत एका घनमीटरमागे पारा असतो साधारण १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कारखान्यांतली मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये (ग्रॅमचा दशलक्षावा भाग) ठरते, म्हणजे हजारो पटींनी जास्त. आणि केप पॉइंट ओसाडही नाही. राष्ट्रीय उद्यानातली जागा, पर्यटकांची रीघ असते.

खरी गंमत पुढे आहे. इतका कमी पारा पकडायचा कशाने? सोन्याने! थर्मामीटरमधला पारा अंगठीला लागला की ती पांढरी पडते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. यंत्रात तोच गुण वापरतात. हवा सोन्याच्या सापळ्यातून ओढायची, सापळा तापवून पारा सोडवायचा, आर्गॉन वायूबरोबर पुढे न्यायचा आणि २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात तो किती चमकतो ते मोजायचं. एक सापळा तापत असताना दुसरा हवा घेत असतो. हे रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालतं. केप पॉइंटच्या नोंदी १९९५ पासूनच्या आहेत.

आकडा मिळाला तरी काम संपत नाही. वारा दक्षिण महासागरावरून आला की केप टाउन शहराकडून? ते रेडॉन वायूवरून ओळखतात. रेडॉन जमिनीतून निघतो आणि किरणोत्सारी असल्यामुळे चार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे समुद्रावरून आलेल्या हवेत तो नावालाच असतो. मला विचाराल तर या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

बाकीचं काम मात्र कंटाळवाणं असतं. फिल्टर बदला, कॅलिब्रेशन करा (यंत्र बरोबर मोजतंय ना ते तपासा), वीज गेली त्या वेळचे आकडे बाजूला काढा. मुलीला हे आवडेल का, हा मुद्दा आहे. कॉलेजात एखादं उपकरण असेल तर महिनाभर त्याच्याशी झटू दे. रोज तेच प्रमाणित (म्हणजे आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचं) द्रावण तपासून आकडे का हलतात ते शोधू दे. यात रमली तर तिची वाट बरोबर आहे.

तिला एक मात्र सांगा : ‘पारा’ हे करिअर नाही, अचूक मापन हे करिअर आहे. एकट्या पाऱ्यावर कायमच्या जागा थोड्या; अशा केंद्रांवर बाहेरची मुलं बहुधा पीएचडी किंवा त्यानंतरच्या संशोधनासाठी जातात. मागणी आहे, कारण पाऱ्याचं प्रदूषण रोखण्यासाठी २०१७ साली लागू झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराचा परिणाम तपासायला अशाच नोंदी लागतात, आणि भारतही त्या करारात आहे. पण हाच हात बसला की ओझोन, धूलिकण, समुद्राचं पाणी, काहीही मोजता येतं. पुण्याची आयआयटीएम (हवामानशास्त्र), गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान), नागपूरची नीरी (पर्यावरण) या संशोधन संस्था, शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळं आहेतच. आणि लोट्यातल्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात, म्हणजे तुमचा पर्यायही शाबूत राहतो.

एमएस्सीला ॲनालिटिकल केमिस्ट्री घ्यावी, सोबत पायथन किंवा आर ही आकडेवारीसाठी वापरली जाणारी संगणकाची भाषा शिकावी. पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट परीक्षा. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात, तेव्हा हा निर्णय गणपतीपर्यंत करून टाका.