८.१५ × ४६ आर : जुन्या जर्मन नेमबाजी रायफलीसाठी पुंगळ्या घडवताना

आपण पेनसिल्व्हेनियात जर्मनीच्या हेनेल कंपनीची आयट पद्धतीची (एका वेळी एकच काडतूस भरावी लागणारी) जुनी रायफल घेतली आहे, जी ८.१५ × ४६ आर हे काडतूस उडवते, आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत : विन्चेस्टर .३०-३० या अमेरिकन काडतुसाच्या पुंगळ्यांपासून (दारू व गोळी धरणाऱ्या पितळी नळ्यांपासून) तिच्या पुंगळ्या घडवता येतील का, आणि तिला बसणाऱ्या गोळ्या कोठे मिळतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र माझ्या मते दुसरा प्रश्नच अधिक अवघड आहे आणि त्याचे उत्तर आपल्या रायफलीचे मोजमाप घेतल्याशिवाय कोणालाही देता येणार नाही.

जर्मनीतील झूल येथील आडोल्फ फ्रोन यांनी तयार केलेले हे काडतूस दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मन नेमबाजी मंडळांचे सर्वमान्य काडतूस होते. पण झूल, त्सेला-मेहलिस आणि इतर गावांतील असंख्य बंदूक-कारागिरांनी आपापल्या हत्यारांनी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) आणि नळ्या कापल्या, त्यामुळे एकच नाव असलेल्या दोन रायफलींची मापे जुळतीलच असे नाही. नळीखालच्या शिक्क्यांवरही विसंबू नये. मुकुटाखालील ‘यू’ आणि ‘जी’ ही अक्षरे तपासणी आणि आटेदार (आतून पिळदार खाचा असलेली) नळी दर्शवतात. जुन्या नळ्यांवर आढळणारा १७२.२८ असा आकडा एवढेच सांगतो की ७.६२ मिलिमीटरचा गज त्या नळीत गेला होता. गोळीचा व्यास ठरतो तो आट्यांच्या खाचांच्या तळावरून, आणि तो त्या आकड्यात नसतो.

म्हणून प्रथम चेंबरचा साचा घ्यावा. त्यासाठी कमी तापमानाला वितळणारा बिस्मथयुक्त मिश्रधातू मिळतो. तो थंड होताना आधी किंचित आकसतो आणि नंतर हळूहळू फुगतो, त्यामुळे बनवणाऱ्याने सांगितलेल्या वेळीच त्याचे माप घ्यावे. त्यानंतर शुद्ध शिशाची, नळीपेक्षा थोडी मोठी गोळी तेल लावून नळीतून हलक्या हाताने पार करावी आणि मायक्रोमीटरने मोजावी. व्हर्नियर या कामाला पुरेसा अचूक नाही.

आता पुंगळीकडे वळू. .३०-३० ची पुंगळी सुमारे ५१.८ मिलिमीटर लांब असते, म्हणजे ती कापून ४६ च्या थोडी वर आणावी लागते. तिची कडा (तळाचा बाहेर आलेला काठ) १२.८५ मिलिमीटर व्यासाची, तर जर्मन पुंगळीची सुमारे १२.३ मिलिमीटर, त्यामुळे कडा लेथवर उतरवावी लागते. कडेची जाडी कमी करणे भाग पडले, तर ती तोंडाकडच्या बाजूने कमी करावी, कारण मागच्या बाजूने घासल्यास प्राइमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) खळगा उथळ होतो. येथे एक आग्रहाची विनंती आहे : कडा बसत नाही म्हणून रायफलीच्या चेंबरमधील कडेची जागा कोरून मोठी करू नका. पितळ दुकानात पुन्हा मिळते; शंभर वर्षे टिकलेली नळी मिळत नाही.

.३२ विन्चेस्टर स्पेशलच्या पुंगळ्या मिळाल्या, तर त्या घ्याव्यात. ती .३०-३० चीच पुंगळी मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) रुंदावून बनवलेली असते आणि ती मान आपल्याला हव्या असलेल्या मापाच्या जवळ असते. कोणतीही घेतली तरी डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) काढण्यापूर्वी वंगण अगदी पातळ लावावे, कारण जादा वंगण खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) साचून पितळाला खोक पाडते. मान तापवून मऊ करताना पुंगळीचा तळ पाण्यात उभा ठेवावा आणि ज्योत केवळ मानेवर फिरवावी. उजेडात पितळ लाल दिसू लागले म्हणजे उशीर झाला असे समजावे. तळ मऊ पडलेली पुंगळी निःसंकोच टाकून द्यावी.

मानेची जाडी हा ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते असा भाग आहे. समजा, आपल्या नळीला ८.२० मिलिमीटरची गोळी लागते आणि पुंगळीच्या मानेची भिंत ०.२८ मिलिमीटर आहे, तर भरलेल्या काडतुसाची मान ८.७६ होते. साच्यात चेंबरची मान ८.८० निघाली, तर मोकळीक अवघी ०.०४ उरते. मान फुगून गोळीला सोडण्यास जागा मिळाली नाही, तर दाब धोकादायकरीत्या वाढतो, आणि आयटसारखी तळाशी बिजागरीवर फिरणारी यंत्रणा मऊ शिशाच्या आणि कमी दाबाच्या काडतुसांसाठीच बनवलेली आहे. अशा वेळी मान बाहेरून समप्रमाणात तासावी.

गोळ्यांचा साचा खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठी गोळी देणारा असावा आणि शिशात कथील वीसास एक किंवा तीसास एक या प्रमाणात मिसळावे. तयार .३२ गोळ्या आपल्या नळीला चालतील की नाही, हे वरील शिशाच्या मापावरूनच कळेल. दारूचे वजन मी मुद्दाम देत नाही. ते दारू बनवणाऱ्याच्या प्रसिद्ध तक्त्यातूनच घ्यावे आणि रायफल आधी एखाद्या जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावी.

जुन्या जर्मन पुंगळ्या हाती लागल्या, तर त्या संग्रहासाठी ठेवाव्यात. त्यांत बहुधा बर्डान प्राइमर (जुन्या पद्धतीचे, बदलण्यास अवघड) असतात आणि अनेकांतील पाराधारित प्राइमरने पितळ आतून ठिसूळ केलेले असते.

हे वाचणाऱ्या भारतातील मंडळींसाठी सांगणे आवश्यक आहे की येथे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि जर्मनीतही काडतुसे भरण्यासाठी स्फोटक पदार्थांच्या कायद्यातील कलम २७ खालील परवाना लागतो.

पहिल्या काही बारांनंतर प्रत्येक पुंगळीचा प्राइमर भिंगाखाली पाहावा. जुन्या रायफलींचा चाप-खिळा (प्राइमरवर आदळणारा खिळा) अनेकदा जाड असतो आणि त्याभोवती मोकळी जागा असते, त्यामुळे प्राइमरची धातू त्यात उमटते किंवा फाटते. तसे दिसल्यास बार थांबवून खिळ्याची जागा दुरुस्त करून घ्यावी. एकदा या चेंबरमध्ये उडवलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी केवळ त्यांची मान आवळावी.