क्वेकरांच्या पुस्तक-भिशीला जाताय? डबा न्या, आणि मधली शांतता भरू नका

तुम्ही फिलाडेल्फियाजवळ नवीन राहायला आलात. शेजारच्या आजींनी त्यांच्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) मीटिंगच्या महिन्याच्या पुस्तक-चर्चेला आणि जेवणाला बोलावलंय. तुमचे प्रश्न तीन: धर्म बदलायला लावतील का, शाकाहारी माणसाने काय न्यायचं, आणि पुस्तक अर्धंच वाचून झालं तर चालेल का.

मी याच भागातल्या एका मीटिंगच्या पुस्तक मंडळात अकरा वर्षं जाते आहे. अजून सभासद नाही, आणि कुणी 'हो' म्हणून मागेही लागलेलं नाही. सभासद व्हायचंच असेल तर आपणच मीटिंगला पत्र लिहायचं, मग त्यांच्यातले दोघं-तिघं आपल्याशी निवांत बोलतात. ती काळजी सोडा.

'मीटिंग' म्हणजे ती मंडळीही आणि त्यांची रविवारची प्रार्थनाही. इथल्या बहुतेक मीटिंगना पाद्री नसतो. तासभर सगळे गप्प बसतात, कुणाला आतून वाटलंच तर उभं राहून चार वाक्यं बोलतं, शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला की संपलं. (सगळीकडे असं नसतं. जगात सर्वात जास्त क्वेकर केनियात आहेत, तिथे पाद्री, गाणी सगळं असतं.) 'क्वेकर ओट्स'च्या डब्यावरच्या माणसाचा यांच्याशी काही संबंध नाही, तो विनोद करू नका, त्यांचा ऐकून झालाय.

आता जेवण. ही सरळ आपली अंगतपंगत. मी पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी नेली, आणि दोन चुका केल्या. आमच्याकडे आधी चर्चा, मग जेवण. ती दीड तास चालली. चमचा घातला तर सगळी खिचडी भांड्याच्या आकारात वर आली. दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती: दाण्याचं कूट. तिथे प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी असते, त्यात शेंगदाणा, गहू, दूध काय आहे ते लिहायचं. माझ्या भांड्यापुढे काहीच नव्हतं. एका बाईंनी नातवाला वाढायच्या आधी विचारलं म्हणून निभावलं. आता मी कोथिंबीर वडी नेते. डाळीच्या पिठाची, त्यामुळे गहू न चालणारेही खातात, गार झाली तरी बिघडत नाही, आणि पहिली संपते. तिखट निम्मं करा. शाकाहाराचं सांगायचं तर टेबलावर निम्म्याहून जास्त तेच असतं.

जेवायच्या आधी सगळे गोलात हात धरून अर्धा मिनिट गप्प उभे राहतात. आपल्याकडे श्लोक म्हणतात, इथे काहीच नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, कुणीतरी गेलंय आणि स्तब्धता पाळतायत.

खरी तयारी लागते ती चर्चेत. आपल्याला सवय असते समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करायची; त्यात आपुलकीच असते, मी नाकारत नाही. इथे एकाचं बोलून झालं की मध्ये जागा सोडतात. दहा सेकंद, कधी पूर्ण मिनिट. सगळ्यांना एकदा संधी मिळेपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही, आणि आधीच्याचं खोडून काढत नाही. मला ती मिनिटं असह्य व्हायची. पहिले सहा महिने प्रत्येक शांततेत मीच काहीतरी घालायचे, आणि कुणी टोकलंही नाही. टोकलं असतं तर लवकर शिकले असते.

एका महिन्यात जॉन वूलमनची रोजनिशी होती. हा १७२० साली न्यू जर्सीत जन्मलेला क्वेकर, आधी दुकानात नोकर, मग शिंपी. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहून दिला. विकत घेणारा म्हातारा क्वेकरच होता. ते त्याला आयुष्यभर टोचलं. पुढे गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरला तर तिथे राबणाऱ्यांच्या हातावर पैसे ठेवूनच निघायचा. मंडळातल्या इथल्या लोकांना यात आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटेल असं मला वाटलं होतं. पण एका आजोबांनी नुसत्या तारखा सांगितल्या: इथल्याच जर्मनटाउनच्या चौघा क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला १६८८ मध्ये, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने गुलाम ठेवणाऱ्यांना सभासदत्व नाकारलं १७७६ मध्ये. "अठ्ठ्याऐंशी वर्षं," म्हणाले आणि थांबले.

त्या शांततेत मला आमच्या आजीच्या घरातली कपबशी आठवली. कान तुटलेला कप, मागच्या दाराच्या कोनाड्यात पालथा घातलेला, भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी वेगळा. चहा आम्ही प्रेमाने द्यायचो, उरलेली पोळीही द्यायचो. कप मात्र त्याच स्वतः विसळून परत तिथे ठेवायच्या. मी हे सांगितलं. कुणी "अरेरे" म्हटलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. मला दुसरं वाक्य जोडायचं होतं, 'आता तसं नाही' वगैरे, पण माझी बोलायची पाळी होऊन गेली होती.

कुणी विचारेल, भारतात क्वेकर आहेत का? सेवाग्रामचं सांगा. तिथे नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या.

पुस्तक अर्धंच झालं असेल तर तसं पहिल्यांदाच सांगून टाका. अर्धं वाचलेले आणखी दोघं निघतात. न वाचता वाचल्यासारखं बोलू नका, खोटं यांना फार खुपतं. कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत; घेतली तर एरवी खोटं बोलायची मुभा आहे असं होईल म्हणून.

जेवणानंतर भांडी सगळे मिळून घासतात. फडकं हातात घेतलंत की ओळखी आपोआप होतात. आणि डब्यालाच नव्हे, झाकणालाही नाव चिकटवा. माझं एक स्टीलचं झाकण गेली चार वर्षं तिथल्या कपाटात कुणाच्या तरी भांड्यावर बसलेलं आहे.