फ्रँकेनस्टाईन की भस्मासुर?

प्रश्न असा आला आहे: ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा फ्रँकेनस्टाईन उद्या शास्त्रज्ञांवरच उलटेल’ असं वाक्य एका अग्रलेखात वाचलं. फ्रँकेनस्टाईन हे तर शास्त्रज्ञाचंच नाव, मग हा वापर चूक नाही का? आणि आपल्याकडे ‘भस्मासुर’ असताना हा परका शब्द हवा कशाला? शिवाय तो लिहायचा कसा?

पहिला भाग लवकर उरकतो. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत फ्रँकेनस्टाईन हे जिनिव्हाच्या एका प्रतिष्ठित घराण्याचं आडनाव आहे. त्या घरातला व्हिक्टर जर्मनीतल्या इंगोलश्टाटला शिकायला जातो आणि मेलेल्यांचे अवयव जुळवून उभ्या केलेल्या आठ फुटी देहात प्राण आणतो. त्या देहाला कादंबरीभर नाव नाही. १८२३ मध्ये लंडनला त्यावर नाटक आलं, तेव्हा पात्रांच्या यादीत त्याच्या जागी नुसती रेघ छापली होती. शेलीबाईंनी प्रयोग पाहिला आणि ही युक्ती त्यांना आवडली. १९३१ च्या चित्रपटात सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याचं काम करणाऱ्या बोरिस कार्लोफच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. पण लोकांना नाव लागतंच. कर्त्याचं नाव कृतीला चिकटलं, तेही एकोणिसाव्या शतकातच. इतका रुळलेला वापर आता लाल शाईनं खोडत बसू नये.

मुलानं बापाचं आडनाव लावलं तर बिघडलं कुठे, असं काही जण म्हणतात. आपल्याकडे तर मधलं नावही बापाचंच, त्यामुळे हे चटकन पटतं. पण त्या बिचाऱ्याला विचारा. जिनिव्हाजवळ त्याला एक लहान मुलगा दिसतो. इतक्या कोवळ्या पोराला कुरूपतेची किळस अजून कुणी शिकवली नसेल, याला उचलून नेऊ, सोबती करू, असं त्याच्या मनात येतं. पोरगं डोळ्यांवर हात घेऊन किंचाळतं, तोंडाला येईल ते बोलतं आणि दम देतं की माझे बाबा मोठे अधिकारी आहेत, फ्रँकेनस्टाईन! ते आडनाव कानावर पडताच हा म्हणतो, म्हणजे तू माझ्या वैऱ्याचा. आणि गळा आवळतो. मुलगा असतो व्हिक्टरचा धाकटा भाऊ. तेव्हा ‘बापाचं आडनाव’ हा युक्तिवाद निदान मला तरी गळी उतरत नाही.

आता भस्मासुर. माझ्या मते प्रश्नातला कस इथे आहे. असुरानं तप केलं, शंकरानं वर दिला, असुर त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला, शेवटी मोहिनीनं नाचता नाचता त्याला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. यात दाता भोळा आणि घेणारा कृतघ्न. ‘अस्तनीतला निखारा’, ‘सापाला दूध पाजणं’ हे सगळे त्याच गोतावळ्यातले. देणाऱ्यानं भलंच केलं, दुसरा उलटला, हे या प्रत्येकात धरूनच चाललेलं असतं. (‘महागाईचा भस्मासुर’ लिहिणाऱ्यांचं सोडा. तिथे वरही नाही आणि शंकरही नाही, नुसता मथळा आहे.)

शेलीच्या गोष्टीत कोण उलटलं ते पाहा. नोव्हेंबरातली पावसाची रात्र, एकचा सुमार, मेणबत्ती विझत आलेली. निपचित देहाचा निस्तेज पिवळा डोळा उघडतो. त्यानं अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही, फक्त डोळा उघडला आहे. व्हिक्टर तेवढ्यानं शिसारी येऊन खोलीबाहेर पळतो आणि झोपायचा प्रयत्न करतो. दचकून जागा होतो तर तो बिछान्याचा पडदा वर धरून उभा. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतोय, गाल हसल्यासारखे ओढले गेलेत, एक हात पुढे केलाय. तान्हं मूल याहून वेगळं काय करतं? व्हिक्टर जिना उतरून खाली पळतो, ती रात्र अंगणात काढतो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी सापडते, तेव्हा गृहस्थ आनंदानं टाळ्या वाजवतो! खून, फाशी, लग्नाच्या रात्रीचा घात हे सगळं पुढचं.

भस्मासुरानं वर मागून घेतला होता. यानं जन्मसुद्धा मागितला नव्हता. मला मातीतून घडव असं मी तुला सांगितलं होतं का, हा मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या आदमचा देवाला सवाल शेलीनं शीर्षकाच्या पानावरच छापला, तो उगाच नाही. म्हणून या गोष्टीचं मराठी क्रियापद ‘उलटणं’ नव्हे, ‘टाकणं’ आहे. नवऱ्यानं टाकलेली, आईनं टाकलेलं, त्या अर्थानं. कर्णालाही टाकलं होतं, पण त्याला राधा मिळाली. याच्या वाट्याला आला एक आंधळा म्हातारा, तोही चार घटका, म्हाताऱ्याचा मुलगा घरात येऊन याला काठीनं बडवेपर्यंत.

जबाबदारी मागे सारून नुसतं ‘राक्षसा’कडे बोट दाखवण्याची रीत फार लवकर सुरू झाली. १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेत गुलामांच्या मुक्तीवर चर्चा चालू असताना परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंगनं याच कादंबरीचा हवाला दिला. अंगात पुरुषाचं बळ आणि बुद्धी मुलाची असलेल्या माणसाला मोकळं सोडणं म्हणजे त्या कादंबरीतला जीव उभा करणं, असा त्याचा सूर होता. गुलाम केले कुणी, हा प्रश्न गायब. पुस्तक येऊन सहा वर्षं झाली होती आणि ते उलटं वाचून झालंही होतं.

मग त्याला म्हणायचं काय? ‘राक्षस’ तोंडात सहज येतो, पण आपल्या राक्षसाला कूळ असतं, लंका असते, बायको असते, रावणासारखी विद्वत्ता असते. याचं तर रडगाणंच हे की माझ्यासारखं दुसरं कुणी नाही. ‘दैत्य’ म्हणजे दितीचा मुलगा, ‘दानव’ म्हणजे दनूचा. दोन्ही शब्द आईवरून आलेले, आणि याला आईच नाही. ‘वेताळ’ प्रेतात वस्तीला येतो, इथे बाहेरून कुणी आलेलं नाही. भाषांतर करणारानं व्हिक्टरच्या तोंडी राक्षस, सैतान, हैवान काहीही घालावं, तो शिव्याच देत असतो. निवेदनात मात्र मी ‘तो प्राणी’ घेईन. प्राण घातला म्हणून प्राणी, आणि दासबोधात माणसालाही सर्रास प्राणी म्हटलेलं आहे. ‘कुठला प्राणी आहे कोण जाणे’ हा आपला रोजचा तुच्छतेचा सूरही त्यात आपोआप येतो.

तुम्ही वाचलेल्या वाक्यात ‘उलटेल’ आहे, तेव्हा तिथे भस्मासुरच चपखल बसला असता. फ्रँकेनस्टाईन आणायचाच असेल तर आधी कुणी काय जन्माला घातलं आणि कधी हात झटकले, ते सांगणारं एक तरी वाक्य हवं.

लेखनाचं म्हणाल तर जर्मन उच्चार ‘श्टाइन’कडे झुकतो, पण आपण आइन्स्टाइनलाही ‘स्टाइन’च करून घेतलंय. ‘फ्रँकेनस्टाईन’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ दोन्ही छापलेले दिसतात. मी पहिलं वापरतो. एका लेखात दोन्ही नकोत, एवढंच.