सोपा पेपर घेऊ का?

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो. आमच्याकडे विज्ञान शाखेचे दोन आहेत : ‘खगोलशास्त्राची ओळख’ आणि ‘प्राथमिक संख्याशास्त्र’. सीनियर म्हणतात, खगोल घे, गणित नाही, हजेरी दिली की मार्क मिळतात. पप्पा म्हणतात, चंद्रताऱ्यांचा अर्थशास्त्राला काय उपयोग? मला दहावीला विज्ञानात 61 मार्क होते, म्हणून आर्ट्सला आले. पण विज्ञान आवडायचं. एवढा सोपा पेपर घेण्यात काही अर्थ आहे का? की नुसता वेळ जाईल?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘पण विज्ञान आवडायचं’ हे वाक्य तू शेवटी घाईने लिहिलंयस, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

आधी पप्पांच्या मुद्द्याचं बोलू. तो चुकीचा नाही. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचं पक्कं असेल तर संख्याशास्त्राशी लवकर दोस्ती झालेली बरी. पण तो विषय तुझ्या मुख्य अभ्यासक्रमात कुठल्या ना कुठल्या रूपात येणारच आहे. खगोल मात्र परत तुझ्या वाटेला येणार नाही. 2023 च्या शासन निर्णयात खुला वैकल्पिक विषय मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचाच घ्यायचा अशी अट घातली, ती याचसाठी. अर्थशास्त्राच्या मुलीला अर्थशास्त्राबाहेरचं काही बघायला मिळावं.

आता ‘सोपा’ या शब्दाबद्दल. मी 31 वर्षं तालुक्याच्या गावात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि सोपे विषय कसे वाया जातात ते डोळ्यांनी पाहिलंय. पर्यावरणाचा पेपर सगळ्या शाखांना सक्तीचा झाला तेव्हा प्रत्येकाला प्रकल्प करावा लागे. महिनाभरात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायला लागले, वर पारदर्शक फाइल, आत ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’. एका वर्षी माझ्याकडे त्याच अक्षरातले नऊ प्रकल्प आले. फार वाईट वाटलं होतं. त्याच गठ्ठ्यात एका मुलाची साधी शंभर पानी वही होती. त्याने घरच्या विहिरीत दोराला गाठी मारून, डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत दर रविवारी पाणी किती खाली गेलं ते लिहिलं होतं. शेजारच्यांनी नवीन बोअर मारल्यावर पुढच्या दोन रविवारी पाणी कसं घसरलं, तिथे त्याने लाल पेनाने रेघ ओढली होती. विषय एकच, पेपरही तोच, सगळ्यांना तितकाच सोपा.

म्हणून विषय निवडण्याआधी एवढं कर. जे सर किंवा मॅडम खगोल शिकवतात त्यांना जाऊन विचार, ‘आम्हाला काही बघायला, मोजायला लावता का?’ दोन क्रेडिटचा विषय म्हणजे 30 तास. त्यातले पाच-सहा तास जरी हाताने काही करण्यात गेले तरी डोळे झाकून घे. नुसत्या नोट्स लिहून द्यायच्या असतील तर संख्याशास्त्र घे, तिथे निदान उदाहरणं तरी सोडवावी लागतील.

निवृत्तीनंतर दोन वर्षं मी हाच खगोलाचा विषय आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना शिकवतेय. पहिल्या तासाला मी विचारते, चंद्राच्या कला कशामुळे होतात? वर्गात 42 मुलं होती, तिशीच्या वर हात एकाच उत्तराला वर आले : पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर चूक आहे, पण ते मी सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘शुद्ध अष्टमीला दुपारी चारला अर्धा चंद्र पूर्वेकडे दिसतो, सूर्य पश्चिमेकडे असतो. दोघंही डोळ्यांसमोर. मग पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते कुठून?’ वर्ग गप्प.

मग खिडक्यांना चादरी लावल्या, टेबलावर पिवळा बल्ब ठेवला आणि प्रत्येकाला पेन्सिलीला खोचलेला थर्माकोलचा गोळा दिला. बल्ब म्हणजे सूर्य, गोळा म्हणजे चंद्र, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून बल्बकडे तोंड केलं की गोळ्याची आपल्याकडची बाजू काळी : अमावस्या. तिथून हळूहळू डावीकडे वळायचं. गोळ्याच्या उजव्या कडेला प्रकाशाची बारीक रेघ उमटली आणि मागच्या बाकावरून एकजण ओरडला, ‘कोर! बीजेची कोर!’ पाव वळण झालं की अर्धा गोळा उजळतो, ती अष्टमी. बल्बकडे पाठ झाली तेव्हा एका मुलीचा गोळा अचानक काळा पडला. तिच्याच डोक्याची सावली त्यावर पडली होती. तिने हात वर उचलला तसा तो पूर्ण उजळला. ती इतिहासाची विद्यार्थिनी. क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, सावली ती ग्रहणाची. कला वेगळ्या.’ आयुष्यभर पाठ केलेलं उत्तर तिने स्वतः, स्वतःच्या हाताने खोडलं. त्याच वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या काही मुलांना मी तोच प्रश्न विचारला होता. त्यातल्या काहींनी सावलीच सांगितली, कारण हा गोळा त्यांच्या हातात कधी आलाच नव्हता.

पुढच्या तासाला तीच मुलगी एक प्रश्न घेऊन आली. तिची आजी संकष्टी धरते. आजीने विचारलं होतं, ‘पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीला उगवतो, मग चतुर्थीला आम्हाला नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी का ठेवतो?’ आम्ही फळ्यावर हिशोब केला. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. 360 अंशांना 29.5 ने भागलं की रोज 12 अंशांहून थोडं जास्त. सूर्याच्या मानाने चंद्र रोज तेवढा पूर्वेला सरकतो, म्हणून तो क्षितिजावर यायला पृथ्वीला रोज तेवढं जास्त फिरावं लागतं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो तो असा. पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत तीन-चार दिवस, म्हणजे अडीच ते सव्वातीन तास. साडेसहात मिळव, आजीची वेळ आली! घरातल्या कॅलेंडरवर छापलेली चंद्रोदयाची वेळ कुठून येते, ते त्या घराला पहिल्यांदा कळलं. भागाकार आणि गुणाकार याच्यापलीकडे यात गणित नाही. 61 मार्कांच्या मुलीला ते येतं, याची मला खात्री आहे.

सोप्या पेपरने तू शास्त्रज्ञ होणार नाहीस, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य विज्ञान असतं खरं, पण त्यासाठी हा विषय घेऊ नकोस. तो अभ्यास वेगळा. दहावीत तुला विज्ञानात 61 मिळाले म्हणजे एका परीक्षेत एका दिवशी 61 मिळाले. तेवढ्यावरून आवडती गोष्ट सोडून द्यायला तुला कुणीतरी शिकवलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती परत उचलायला हा 30 तासांचा पेपर पुरतो.

आणि महाराष्ट्रात राहून आकाशाचा विषय परका मानू नये. नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, जवळपास 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळा-कॉलेजच्या मुलांची गर्दी असते. तुमच्या सरांना सहल काढायला सांग. एसटीने गेलात तरी चालेल.

घरच्या घरी आणखी एक करता येईल. गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी कर. 21 मार्चच्या आसपास, भर दुपारी सर्वांत आखूड सावली मोज. बार्शीत ती साधारण 33 सेंटिमीटर भरेल. घड्याळात बारा वाजता नव्हे हं, साडेबाराच्या थोडं पुढे, कारण घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे आणि सूर्य तुझ्या गावाचा. त्या 33 सेंटिमीटरवरून बार्शी विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला आहे ते काढता येतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती सावली जवळपास नाहीशी होईल. तेव्हा पप्पांना गच्चीवर बोलाव.

विषय कुठलाही घे, पण येत्या पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंत रोज चंद्र उगवताना घड्याळ बघून वेळ लिहून ठेव. पूर्वेला इमारत असेल तर तिच्या कडेवर चंद्र दिसला ती वेळ लिही, फक्त रोज एकाच जागेवरून बघ. दोन दिवसांमधला फरक दर वेळी नेमका 50 मिनिटं येणार नाही, कमीजास्त होईल. किती आला ते मला कळव, आणि तो कमीजास्त का होत असेल याबद्दल तुला काय वाटतं तेही लिही.